यंत्राला मोतीबिंदू

डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे त्यांनी बोईसरला येऊन सांगावं. मी माझा मोतीबिंदू एका नव्याकोऱ्या यंत्राला लावून दाखवला आहे, तोही तीन महिन्यांत. ते यंत्र माझ्याच मुलीनं उभं केलेलं होतं, त्यामुळे लागण घरातल्या घरात झाली असं म्हणायला हरकत नाही.

आधी धंदा समजावून सांगतो, नाहीतर पराक्रमाची उंची कळणार नाही.

मी कापड रंगवणाऱ्या कारखान्यात शेडमास्तर आहे. गिऱ्हाईक बोटभर चिंधी घेऊन येतं आणि म्हणतं, अगदी असाच रंग पाहिजे, चार हजार मीटर. आमची लॅब त्या चिंधीवरून रंगांचं प्रमाण काढते, खाली यंत्रांत कापड शिजतं, वाळतं, आणि प्रत्येक घाण्याचा, म्हणजे आमच्या भाषेत लॉटचा, एक तुकडा माझ्या टेबलावर येतो. टेबलावर एक पेटी असते. तिच्यात तीन तऱ्हेचे दिवे: एक दिवसाच्या उजेडासारखा, एक दुकानातल्या ट्यूबसारखा, एक पिवळा घरगुती. चिंधी आणि तुकडा शेजारी ठेवायचे, दिवे बदलायचे, मान तिरकी करायची आणि म्हणायचं ‘पास’ किंवा ‘फेल’. मान तिरकी करण्याची तशी गरज नसते. पण सरळ मानेनं दिलेल्या निकालावर आमच्याकडे कुणी विश्वास ठेवत नाही. फेल म्हटलं की कारण द्यावं लागतं: हा लाल मारतो, तो हिरवा मारतो, हा डागाळला. तीस वर्षं मी एवढंच बोलतोय आणि त्यावर बोईसरजवळ समुद्रकाठच्या नवापूरला स्लॅबचं घर उभं राहिलं.

गिऱ्हाइकं एकेक नग असतात. एक जण डहाणूकडून चिकूची साल घेऊन आला होता. म्हणाला, पडद्याला हा रंग पाहिजे. साल कागदात गुंडाळून तो जेवायला गेला. आम्ही लगेच रंग जुळवायला घेतला. तो परत आला तोवर साल काळवंडली होती आणि आमचा तुकडा सकाळच्या सालीशी तंतोतंत जुळलेला होता. तो म्हणाला, चुकलात. मी म्हटलं, साहेब, आम्ही नाही चुकलो, तुमचा चिकू चुकला. शेवटी त्यानं काळवंडलेलाच रंग पसंत केला. घरी बायकोला तो भलताच आवडला म्हणे.

रंग बघण्याचं हे काम आमच्या घराण्यात जुनं आहे, फक्त प्रत्येक पिढीनं ते वेगळ्या जागी केलं. माझा आजा नवापूरचा तांडेल, म्हणजे होडीवरचा प्रमुख. पाण्याचा रंग बघून जाळं कुठं टाकायचं हे तो सांगायचा. पुढं बोईसरला कारखाने आले आणि आजाला म्हातारपणी नवीनच विद्या आली. सकाळी किनाऱ्यावर उभा राहून तो सांगायचा, “आज बोयसरला लाल कापड हाय.” दुसऱ्या दिवशी, “आज निळा.” तो कधी चुकला नाही. मासळी कमी झाली, पण माहिती वाढली. आज याला लोक डेटा म्हणतात.

वडिलांनी होडी सोडली आणि रंग तयार करणाऱ्या कारखान्यात लागले. हा रंग अंगात शिरतो. रात्री घामातून निघतो. आमच्या घरी वडिलांच्या उशीवरून त्यांचं खातं कळायचं. आई उशी उन्हात टाकताना शेजारणीला सांगायची, “यांना लालमधून पिवळ्यात टाकलाय.” शेजारीण म्हणायची, “बरा झाला, पिवळा उजळ दिसतो.” वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी खोकत गेले. त्यांच्या फुफ्फुसात कुठली शेड होती हे कुणी चिंधी लावून बघितलं नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे रंग जुळवत राहिलो, तेवढा एक राहिला.

तिसरा मी. आणि चौथी आमची निकिता. पालघरच्या कॉलेजात संगणक शिकली. घरात कुणालाच ती काय शिकते हे कळत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना अभिमान होता. तिची आई प्रमिला बाजारात सुके बोंबील विकते; तिनं गिऱ्हाइकांना सांगून टाकलं होतं, “पोरगी यंत्राला अक्कल देते.” गिऱ्हाईक म्हणायचं, “मग भाव कमी करा, घरात अक्कल आलीय ना.”

आमच्या शेठना कुठल्याशा प्रदर्शनात एआयची बाधा झाली होती. ते परत आले तेच मुळी कॅमेरा घेऊन. मला बोलावून म्हणाले, “मास्टर, आपकी लडकी ये सब जानती है ना? सहा महिने ठेवतो. मशीन चाललं तर कायम, नाही तर नमस्ते.” अशी माझी मुलगी माझ्याच टेबलाशेजारी बसू लागली. घरी मला ‘बाबा’ म्हणायची, कारखान्यात ‘सर’. मी तिला दोन्हीकडे ‘काय गं’ म्हणायचो.

दसऱ्याला आम्ही सगळ्या यंत्रांची पूजा करतो. कामगारांनी बॉयलरला हार घातला, पंपाला हार घातला, आणि नव्या यंत्राला मान जास्त म्हणून कॅमेऱ्याच्या काचेवर मधोमध कुंकवाचं बोट ओढलं. शिकवणी तेव्हा अर्ध्यावर होती, तरी दुसऱ्या दिवशी यंत्रानं सगळं कापड लाल मारतंय म्हणून फेल केलं. चौदा लॉट. शेठ हवालदिल. निकितानं काच पुसली तेव्हा रामआसरे नावाचा आमचा जुना ऑपरेटर दुखावून म्हणाला, “टीका मिटा दिया, अब मशीन का भगवान मालिक.” त्याचं म्हणणं पुढं खरं ठरायचं होतं.

आता यंत्राची शिकवणी, पहिल्यापासून. आमच्याकडे वह्या असतात. प्रत्येक लॉटचा तुकडा वहीत चिकटवलेला, शेजारी मूळ चिंधी, माझा निकाल आणि माझी सही. निकिता एकेक पान कॅमेऱ्याखाली धरायची आणि माझा निकाल भरायची. मी विचारलं, “एवढ्यानं याला रंग कळणार?”

“याला रंगातलं काहीच कळत नाही, सर. तुम्ही कशाला पास म्हणता आणि कशाला फेल, एवढंच कळतं.”

मी म्हटलं, “मग याला सगळंच कळलं.”

खात्यात हशा पिकला. मी मान तिरकी केली.

मग ती म्हणाली, “जुन्या वह्यांतले तुकडे पडून पडून रंग बदलतात. आपण शेवटची दोनच वर्षं घेऊ.”

इथं मी तोंड उघडायला हवं होतं. कारण त्याच्या दीड वर्ष आधी पालघरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला कागदावर लिहून दिलं होतं, की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरलाय आणि भिंग पिवळं पडत चाललंय. पिवळ्या काचेतून बघणाऱ्याला पिवळं काय दिसणार? लाल, हिरवा, काळपट मला व्यवस्थित कळायचं. फक्त पांढऱ्यात पिवळं किती उतरलंय, तेवढं हळूहळू कळेनासं झालं होतं. शेडमास्तराला मोतीबिंदू म्हणजे आचाऱ्याची जीभ गेल्यासारखं. तो कागद मी जुन्या बुटात खुपसला आणि ड्रॉप घालत राहिलो. वाटलं, निवृत्तीला उरलीत चार वर्षं, ढकलून नेऊ. तर आता लेक म्हणत होती, शेवटची दोनच वर्षं.

मी म्हटलं, “घे की. ताजं ते चांगलं.”

तीन महिने मी त्या यंत्राला शिकवलं. इतकं मन लावून मी निकितालाही शिकवलं नव्हतं. मग परीक्षा झाली. यंत्राचा निकाल आणि माझा निकाल शंभरात दोन-तीनदाच वेगळा निघाला. शेठनी पेढे वाटले. कामगार म्हणाले, हुबेहूब मास्तर. मला इतकं भरून आलं, की त्या दोन-तीन वेळांनाही मीच बरोबर होतो हे सांगायचं राहून गेलं.

त्यानंतर पांढऱ्या कापडाची मोठी ऑर्डर आली, शाळेच्या गणवेशाची. पांढऱ्याबद्दल लोकांचा गैरसमज असतो, की तो म्हणजे काहीच न करणं. पांढरा करायला सगळ्यात जास्त करावं लागतं, आणि दोन पांढरे शेजारी ठेवले की एक हमखास मळका दिसतो. यंत्रानं एकामागून एक लॉट पास केले, मी खाली सह्या ठोकल्या.

महिनाभरानं पालघरचा व्यापारी हातात शर्ट नाचवत आला. सोबत एक चिठ्ठी. शिवणाऱ्यानं छाती एका लॉटची घेतली होती आणि बाह्या दुसऱ्या. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी प्रार्थनेला पोरांना रांगेतून बाहेर काढलं होतं आणि घरी चिठ्ठ्या पाठवल्या होत्या: पाल्याच्या बाह्या नीट धुवाव्यात, नीळ वापरावी. आयांनी बिचाऱ्यांनी नीळ घातली. आता छाती निळी, बाह्या हिरवट.

“हा न धुतलेला आहे,” व्यापारी म्हणाला आणि कोरा शर्ट माझ्या पेटीत टाकला. सगळे भोवती जमले. शेठ, रामआसरे, निकिता.

शेठ म्हणाले, “मास्टर, ये सफेद है, कि दूध में हल्दी?”

मी बघितलं. छाती पांढरी. बाह्या पांढऱ्या. दिवा बदलला. तरी पांढऱ्या. इतक्या माणसांत एकट्या मलाच तो शर्ट सुंदर दिसत होता. मी मान तिरकी केली, एरवीपेक्षा जास्त वेळ, आणि जड आवाजात म्हणालो, “बाह्या पिवळा मारतात.”

“देखा!” व्यापारी म्हणाला.

शेठ निकिताकडे वळले. “आपके मशीन ने पास किया है. डोळे असलेला माणूस इथं बसलाय, त्याला एका मिनिटात दिसलं. आठ दिवसांत चूक काय ते सांगा, नाही तर आपला हिशोब मिटला.”

रामआसरे पुटपुटला, टीका पुसल्यावर दुसरं काय होणार.

निकिता शेठकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी पेटीतला दिवा बंद केला.

पुढच्या रविवारी सकाळी मी ओट्यावर चहा घेत होतो. अंगणात प्रमिला बोंबील वाळत टाकत होती. निकितानं पांढऱ्या कापडाचे सहा तुकडे माझ्यापुढं ठेवले. पाठीमागे नंबर लिहिलेले. म्हणाली, “बाबा, सगळ्यात पांढरा पहिला, सगळ्यात पिवळा शेवटी. लावून दाखवा.”

मी ओळखलं. तरी थाटात, पत्ते लावल्यासारखे सहाही लावले. एक तुकडा उचलून परत जागा बदलली, म्हणजे विचार केल्यासारखा वाटावा.

प्रमिला बोंबलांची पाटी घेऊन जात होती. तिथंच थांबली. “अवो, पयलाच तर पिवळा हाय. तुमी काय लावताय?”

निकितानं विचारलं, “कधीपासून?”

“कधीपासून म्हणजे काय? हा उजेड बघ ना कसा आहे…”

“बुटात कागद हाय,” प्रमिला म्हणाली. “काळ्या बुटात.”

मी कप खाली ठेवला. “तुला माहीत होतं?”

“मी तवाच वाचला. म्हटलं, सांगतील आपल्या तोंडानं. दोन वरसा व्हत आली, बूट तसाच हाय.”

निकिता तुकडे गोळा करत होती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं, मी त्याहून मोठ्यानं रागावलो असतो. ती शांतपणे म्हणाली, “मी परवा जुन्या वह्या काढल्या. पाच वर्षांपूर्वी तुम्ही पांढऱ्यातले किती तरी लॉट फेल केलेत, कारण पिवळा. गेल्या दोन वर्षांत एकही नाही. यंत्रानं काही चूक केली नाही बाबा. ते अगदी तुमच्यासारखं बघतंय.”

“मग शेठना काय सांगणार?”

“माझी शिकवणी चुकली म्हणून सांगते. महिना मागते. तुमचं नाव नाही घेत.”

“आणि महिना नाही दिला तर?”

“दुसरीकडे बघेन.”

“पयलीच नोकरी,” प्रमिला म्हणाली, “आणि बदनाम होऊन सोडायची. कोण घेल दुसरीकडं?” हे तिनं बोंबलांकडे बघून म्हटलं, पण बोंबलांना त्यातलं काही लागू नव्हतं.

सोमवारी मी शेठच्या केबिनमध्ये शिरलो. मागोमाग निकिता. मी रात्रभर भाषण तयार केलं होतं, घराण्याची परंपरा, आजा, वडील, तीस वर्षांची सेवा. शेठनी वर बघितलं आणि भाषण पळून गेलं. मी डॉक्टरांचा कागद टेबलावर ठेवला. “यंत्र बरोबर आहे, शेठ. डोळे माझे गेलेत. त्या दिवशी शर्टात मला काही दिसलं नव्हतं. तुमचं ऐकून मी पिवळा म्हटलं.”

शेठनी कागद वाचला, मला बघितलं, निकिताला बघितलं, आणि हसायला लागले. खुर्ची हलेपर्यंत हसले. “मतलब मशीन को भी मोतियाबिंद?”

हसून झाल्यावर ते गप्प झाले. शेठ गप्प झाले की आम्हाला भीती वाटते, कारण तेव्हा ते धंद्याचा विचार करतात.

“ऐसा करो,” ते निकिताला म्हणाले. “मास्टरची आँख ठीक झाली की एक नवीन मशीन शिकव. ते बड्या गिऱ्हाइकाला. आणि ये पुराना मत मिटाना. लोकल मालाला हेच चालेल. शाळा, बँडवाले, मंडप… तिथं कोण एवढं बघतो? माल पटापट पास होईल.”

सांगतो, त्या क्षणी मला थोडं बरं वाटलं. माझ्या मोतीबिंदूला कायमची नोकरी मिळत होती.

निकिता म्हणाली, “नाही, सर.”

“होणार नाही?”

“होईल. मी करणार नाही. त्या पोरांना रांगेतून बाहेर काढलं होतं.”

शेठचा आवाज खाली आला. “बेटा, तुझे सहा महिने अजून झाले नाहीत.”

मला खरं तर घराण्याची परंपरा वगैरे काहीच आठवत नव्हतं. फक्त एवढं आठवलं, की प्रत्येक लॉटच्या कागदावर शेवटची सही अजून माझी लागते.

मी म्हटलं, “ठेवा की शेठ, जुनं मशीन. चांगली कल्पना आहे. मी सही करीन. सहीच्या वर फक्त एक ओळ टाकीन: ‘मोतीबिंदूने पास’.”

“धमकी देताय, मास्टर?”

“छे. कागद पूर्ण असावा असं तुम्हीच म्हणता. व्यापाऱ्याला प्रत जाते ना?”

शेठनी माझ्याकडे असं बघितलं, की माझी शेड त्यांना तीस वर्षांत पहिल्यांदाच दिसली. मग पेन उचललं. “मिटा दो,” ते निकिताला म्हणाले. “और इनका ऑपरेशन जल्दी कराओ. मशीन पूरा सीख गया तो फिर मास्टर घर पे आराम करेंगे.” हे शेवटचं वाक्य त्यांनी हसून म्हटलं. पण ते गंमत करत नव्हते. व्यापाऱ्याला कापड बदलून मिळालं. पोरांची माफी कुणी मागितली असेल असं वाटत नाही. मीही गेलो नाही. जायला हवं होतं.

पालघरला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. समोर प्रमिला उभी होती. मी उजव्या डोळ्यानं बघितलं, मग डाव्या, मग परत उजव्या. डाव्या डोळ्याला तिचे केस सोनेरी झाक असलेले दिसत. दोन वर्षं मी समजत होतो, ही मेंदी लावते. उजव्या डोळ्याला ते पांढरे होते. निव्वळ, बिनतक्रार, पहिल्या प्रतीचा पांढरा.

“काय बघताय?” ती म्हणाली.

“काही नाही. रंग चांगला आहे.”

“डोळा झाका. डॉक्टर वरडतील.”

पंधरा दिवसांनी निकिता आणि मी त्या दोन वर्षांच्या वह्या घेऊन बसलो. डावा डोळा हातानं झाकायचा, उजव्यानं बघायचं आणि स्वतःचाच निकाल फिरवायचा. मी म्हणायचो, ती टाइप करायची. पास होता, फेल. पास होता, फेल. स्वतःच्या सह्या इतक्या जवळून मी कधी बघितल्या नव्हत्या. काही तर फारच ऐटीत होत्या. आणि प्रत्येक पानागणिक यंत्राला माझ्याशिवाय जमायला लागत होतं, हे दोघांनाही माहीत होतं. दुपारी चहा आला. रामआसरेनं कप ठेवता ठेवता कॅमेऱ्याच्या काचेला सोडून बाजूच्या पत्र्यावर गुपचूप कुंकू लावलं.

निकिता स्क्रीनकडे बघत म्हणाली, “सर, एक अडचण आहे. आधीचा निकाल का बदलला, याचं कारण भरल्याशिवाय पुढं जात नाही. यादीत डाग आहे, लाल आहे, ओला आहे. यातलं काही बसत नाही. नवीन कारण टाकावं लागेल. काय टाकू?”

“माझं नाव टाक.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

तिनं माझं नाव टाइप केलं, मग माझ्या वडिलांचं. तिथं थांबली. “आडनाव नाही टाकलं तर?”

“टाक. लग्न होईपर्यंत ते तुझंही आहे. भोग थोडं.”

“लग्नानंतरही हेच ठेवणार आहे मी.”

“मग तर टाकच,” मी म्हटलं, आणि पुढचं पान उलटलं.